ब्रेस्ट पंप : निवड, वापर आणि ताटातुटीचे तास

ब्रेस्ट पंप हे आईच्या स्तनातून दूध काढण्याचे साधन आहे. बाळ जवळ नसताना, किंवा जवळ असूनही त्याला ओढून पिता येत नसताना, दूध बाहेर यावे आणि ते तयार होण्याचे थांबू नये, एवढ्यासाठी ते असते. पंप शोधू लागले की किंमत, ब्रँड, सक्शनच्या पातळ्या आणि मिनिटामिनिटाला येणाऱ्या जाहिराती यांत नवी आई गोंधळून जाते. निवड मात्र मुळात एकाच गोष्टीवर ठरते : आई आणि बाळ दिवसातले किती तास एकमेकांपासून दूर राहणार आहेत?

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न विशेष टोकदार आहे. मानपाडा नावाची दोन ठिकाणे इथे आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर. डोंबिवली पूर्वेतला मानपाडा रस्ता या दुसऱ्या मानपाड्याकडे जातो. दोन्हीकडे नोकरदार तरुण जोडप्यांची दाट वस्ती आहे आणि दोन्हीकडून कामाला जाणे म्हणजे आधी रिक्षा किंवा बस, मग लोकल, मग पुन्हा बस. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर रेल्वेने सुमारे ४८ किलोमीटर आहे. जलद गाडी मिळाली तरी एका बाजूला तासाहून अधिक वेळ जातो. आठ-नऊ तासांच्या नोकरीत हा प्रवास मिळवला की आई घरापासून अकरा-बारा तास दूर असते. कामाच्या ठिकाणाजवळ राहणाऱ्या बाईला एक पंप पुरेल, तोच या बाईला पुरेलच असे नाही.

पंप नीट निवडायचा तर दूध कसे तयार होते ते आधी समजून घ्यावे लागते. बाळंतपणानंतर वार पडली की आईच्या शरीरातली संप्रेरके बदलतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास छाती भरून येते. त्याआधी येतो तो चीक. तो थेंबाथेंबाने येतो आणि नवजात बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. पहिले काही दिवस हे सारे संप्रेरकांच्या जोरावर चालते. पुढे मात्र सूत्रे मागणीच्या हाती जातात. स्तन जितका रिकामा होतो तितके नवे दूध लवकर तयार होते, आणि भरलेला राहिला तर शरीर वेग कमी करते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करायला लावते, तर ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलते. या दुसऱ्या क्रियेला मराठीत पान्हा फुटणे म्हणतात. बाळाचे रडणे ऐकून किंवा नुसती आठवण येऊनही पान्हा फुटतो, आणि वेदना, भीती, घाई यांनी तो काही वेळ अडतो. पंपाला ओढ लावता येते, पान्हा आणता येत नाही. पंपाविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे असते.

पंप प्रत्येक बाळंतिणीला लागत नाही. बाळ दिवसरात्र जवळ आहे, नीट ओढते आहे, दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करते आहे आणि वजन वाढते आहे, अशा घरात पंपाचे काम नसते. दुधाची भुकटी आणि दूध पाजायच्या बाटल्या यांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पंपाला ती लागू नाही. त्यामुळे बाळंतविड्यात पंप असायलाच हवा, असा समज पसरत चालला आहे. तो खरा नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे आणि अतिदक्षता विभागात आहे, बाळाला ओढता येत नाही, आईला दिलेल्या एखाद्या औषधामुळे काही दिवस अंगावर पाजता येत नाही, किंवा आईला कामावर परत जायचे आहे, तेव्हा पंपाची खरी गरज पडते. उगाच सुरू केलेल्या पंपाने नुकसानही होते. बाळ पोटभर पिऊन झाल्यावरही पंप लावत राहिले तर शरीर जुळे असल्यासारखे दूध तयार करू लागते, छाती सतत दाटून राहते आणि गाठी होतात.

पहिले साधन म्हणजे आईचे हात. हाताने दूध काढणे प्रत्येक बाळंतिणीला रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी शिकवले गेले पाहिजे, कारण पंप बंद पडला, घरी राहिला किंवा वीज गेली तरी ते साथ देते. हात साबणाने धुवून आई थोडी पुढे झुकून बसते. अंगठा वर आणि दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून साधारण दोन-तीन सेंटीमीटर मागे, काळसर वर्तुळाच्या कडेला ठेवायची. आधी बोटे सरळ मागे छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे आणायची, मग सैल सोडायची. बोटे कातडीवरून घासायची नाहीत आणि स्तनाग्र चिमटायचे नाही. पहिली एक-दोन मिनिटे काहीच येत नाही, मग थेंब येतात, मग धार लागते. धार मंदावली की बोटांची जागा घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून दुसऱ्या बाजूने तेच करायचे. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक काढायला तर हातच पंपापेक्षा सरस ठरतात. चीक दाट आणि थोडा असतो, तो पंपाच्या भागांना चिकटून वाया जातो. हाताने तो थेट स्वच्छ चमच्यात किंवा वाटीत घेता येतो.

पंपांच्या प्रकारांत एक सोडून द्यावा असा आहे. औषधाच्या दुकानात काचेची किंवा प्लास्टिकची वाटी आणि मागे रबरी फुगा असलेला पंप अजून स्वस्तात मिळतो. फुगा दाबून सोडला की ओढ लागते, पण ती किती लागेल हे हातात राहत नाही. ती जास्त लागली तर स्तनाग्राला इजा होते. शिवाय दूध फुग्यात शिरते, आणि फुगा आतून घासता येत नाही. वाचलेल्या शे-दोनशे रुपयांसाठी हा धोका पत्करू नये.

हाताचा खरा पंप म्हणजे दांडीचा. बाटलीवर बसवलेली दांडी दाबली की ओढ लागते, सोडली की सुटते. ओढीचा जोर आणि लय दोन्ही आईच्या ताब्यात असतात. तो हलका असतो, आवाज करत नाही, विजेवर अवलंबून नसतो आणि धुवायला सोपा असतो. किंमत काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत. बाळाला घरी ठेवून आठवड्यातून एखाद-दोनदा चार तास बाहेर जाणाऱ्या आईला हा पंप अगदी पुरेसा आहे. रोज तीन वेळा वापरायचा म्हटला तर मात्र मनगट आणि अंगठा भरून येतात. बाळंतपणानंतर मनगटाची दुखणी तशीही उद्भवतात, त्यात ही भर पडते.

विजेचा पंप मोटरवर चालतो. दूध काढण्याच्या यंत्राचे अमेरिकेतले एक पेटंट १८५४ चे, ऑर्वेल नीडहॅम यांच्या नावावर आहे. विजेवरचा पंप १९२० च्या दशकात एडवर्ड लास्कर यांनी बनवला. ते अभियंते होते आणि नामवंत बुद्धिबळपटूही. पुढे १९५० च्या दशकात स्वीडनचे आयनार एग्नेल यांनी, ओढ किती असावी आणि ती किती वेळाने सुटावी, याचा अभ्यास करून आईला इजा होणार नाही असा पंप तयार केला. आजचे पंप त्याच वाटेने चालतात. सुरुवातीला ओढ हलकी आणि लय जलद, कारण बाळही आधी भराभर चोखते. धार लागली की ओढ खोल आणि लय संथ, कारण तेव्हा बाळ घोट घेऊ लागते. या दोन्ही पायऱ्या ज्यात नाहीत असा विजेचा पंप घेऊ नये. बहुतेक चांगल्या पंपांची कमाल ओढ २०० ते २५० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असते. त्याहून मोठा आकडा खोक्यावर छापला असला म्हणून दूध जास्त येत नाही.

विजेच्या पंपातही एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा असा फरक आहे. दुहेरी पंपाने दोन्ही स्तनांतून एकाच वेळी दूध निघते, त्यामुळे वेळ जवळपास निम्मा लागतो. रोज कामावर जाणाऱ्या आईने किंमत थोडी वाढली तरी दुहेरीच घ्यावा. जेवणाच्या सुट्टीतल्या पंधरा मिनिटांत दूध काढून होणे आणि अर्धा तास लागणे, यांतला फरक पुढचे कित्येक महिने रोज जाणवतो. चार्जिंगची बॅटरीही हवी. कार्यालयात जी खोली मिळते तिथे प्लग असेलच असे नाही, आणि महावितरणची दुरुस्ती कधी निघेल हे कोणाच्या हाती नसते.

अलीकडे ब्रामध्ये बसणारे, नळी-वायर नसलेले पंप आले आहेत. काम करता करता दूध निघते, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांच्यात मोटर लहान असते, कप नेमका बसला की नाही हे दिसत नाही आणि वाकले तर दूध सांडते. लोकलच्या महिला डब्यात, जिथे हात हलवायला जागा नसते, तिथे हा पंप लावून उभे राहता येईल अशी आशा धरून तो घेतला तर निराशा होते. दूध चांगले बसलेले असताना, दुहेरी पंपाच्या जोडीला तो उपयोगी पडतो. एकट्या त्याच्यावर विसंबणे जोखमीचे आहे.

रुग्णालयात वापरतात तो पंप मजबूत मोटरचा असतो आणि अनेक माता तो आळीपाळीने वापरू शकतात. प्रत्येकीचा कप, नळी आणि बाटली वेगळी, मोटर सामाईक. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर पहिले काही आठवडे असा पंप भाड्याने घेणे विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचे असते.

इथे बंद आणि उघडी रचना हा भेद कळायला हवा. बंद रचनेत दूध आणि मोटर यांच्यामध्ये एक पडदा असतो, दुधाचा थेंबही नळीतून मागे जात नाही. उघड्या रचनेत तो पडदा नसतो. ओलावा नळीत आणि मोटरमध्ये शिरतो, तिथे बुरशी धरते, आणि मोटर उघडून धुता येत नाही. म्हणून वहिनीचा किंवा मैत्रिणीचा वापरलेला पंप घ्यायची वेळ आली तर तो बंद रचनेचा आहे याची खात्री करावी, आणि तरीही कप, व्हॉल्व्ह, पडदा, नळी नवीन घ्यावी. रचना उघडी असेल तर तो पंप फुकट मिळाला तरी नाकारावा.

पंप कोणताही असो, कपाचे माप चुकले तर सगळे चुकते. स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्यासारख्या भागाला फ्लँज म्हणतात. त्याच्या नळीत फक्त स्तनाग्र शिरायला हवे आणि ओढीबरोबर मोकळे पुढे-मागे हलायला हवे. खोक्यात बहुधा २४ किंवा २७-२८ मिलिमीटरचा फ्लँज येतो, आणि पुष्कळ स्त्रियांना तो मोठा होतो. स्तनाग्राच्या मुळाशी पट्टीने व्यास मोजावा, सूज नसताना, दूध काढण्यापूर्वी. त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवून येणाऱ्या मापापासून सुरुवात करावी. स्तनाग्र नळीच्या कडेला घासून लाल होत असेल तर माप लहान आहे. भोवतालचे काळसर वर्तुळ बरेचसे आत ओढले जात असेल तर मोठे आहे. दोन स्तनांची मापे वेगळी असणेही साधे आहे. पंप विकत घेण्यापूर्वी त्याला निरनिराळ्या मापांचे फ्लँज किंवा आत बसवायच्या चकत्या सुट्या मिळतात का, आणि व्हॉल्व्हसारखे झिजणारे भाग कल्याण-डोंबिवलीच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात का, हे विचारून घ्यावे. मोटर चांगली असून ओढ अचानक कमी झाली तर नव्वद टक्के संशय त्या छोट्या रबरी व्हॉल्व्हवर घ्यावा. रोज वापरल्यास तो दोन-तीन महिन्यांत सैल पडतो.

वापरण्याची पद्धत अशी. हात धुवावेत, पाठीला टेकू घ्यावा, पाणी प्यावे. दोन्ही स्तनांना बोटांनी हलकेच चोळावे किंवा कोमट फडके ठेवावे. जवळ बाळाचा फोटो किंवा त्याचे झबले असेल तर पान्हा लवकर फुटतो. ही हळवी कल्पना नाही, ऑक्सिटोसिनचे काम असेच चालते. फ्लँज मधोमध बसवून ओढ सर्वांत कमी पातळीवर सुरू करावी. एक-दोन मिनिटांनी धार लागली की लय संथ करून ओढ हळूहळू वाढवावी, जिथे टोचल्यासारखे वाटते तिथून एक पायरी खाली आणून तिथेच ठेवावी. दुखणे म्हणजे पंप चांगला चालल्याची खूण नव्हे. दुखले की पान्हा अडतो आणि दूध कमीच येते. धार चालू असताना मोकळ्या हाताने स्तन बगलेकडून पुढे हलका दाबत राहिले तर दूध अधिक निघते, आणि शेवटची साय असलेले दाट दूधही मिळते. साधारण पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. थेंब थांबल्यावर आणखी दोन मिनिटे पंप चालू ठेवला तर शरीराला मागणी वाढल्याचा निरोप जातो. पंप काढण्यापूर्वी ओढ बंद करावी, नाहीतर कातडी ताणली जाते.

पहिल्या दिवशी बाटलीच्या तळाला जेमतेम थर दिसतो आणि घरात कुजबूज सुरू होते : दूध कमी आहे, वरचे सुरू करा. ही सर्वांत घातक घडी असते. पंपात जमलेले दूध म्हणजे आईचे एकूण दूध नव्हे. नीट ओढणारे बाळ पंपापेक्षा जास्त काढते, आणि शरीराला पंपाची सवय व्हायला आठवडाभर लागतो. अंगावर पाजून झाल्यावर लावलेल्या पंपात दोन-चार चमचे दूध आले तर ते अगदी स्वाभाविक आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी हे सारे बाळंतिणीने आनंदाने खावे, त्यातून तिला ताकद आणि घरच्यांची माया मिळते. पण दूध वाढवणारी गोष्ट म्हणजे वारंवार आणि नीट रिकामा होणारा स्तन. सासूबाईंनी किंवा आईने लाडवाबरोबर बाळंतिणीला विनाव्यत्यय वीस मिनिटेही दिली तर दोन्हींचा गुण येतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईसाठी घड्याळ वेगळे चालते. बाळ ओढू शकत नसेल तर बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, दूध काढायला सुरुवात करावी, आणि दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढावे. त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची हवी, कारण रात्री प्रोलॅक्टिन अधिक असते. पहिल्या दोन आठवड्यांत शरीराला जितकी मागणी कळते त्यावर पुढच्या महिन्यांचे दूध ठरते. अशा बाळांसाठी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. तिथे मातांनी दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक करतात आणि गरजू बाळांना देतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. जिला जास्त दूध येते तिने ते शेजारच्या बाळाला परस्पर देऊ नये. तपासणी आणि निर्जंतुकीकरण यांशिवाय दुधातून आजार जाऊ शकतो. दूधपेढी हा त्याचा योग्य मार्ग आहे.

नोकरीवर परतणाऱ्या आईचा हिशेब तासांवरून मांडता येतो. पहिल्या सहा महिन्यांत अंगावरचे बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते, म्हणजे तासाला साधारण ३० मिलिलिटर. आई बारा तास दूर असेल तर मागे सुमारे ३६० मिलिलिटर दूध लागते. वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाला हळूहळू कमी. हे दूध तीन ते चार वाट्यांत विभागले तर दर तीन तासांनी एक पाजणे होते, आणि आईलाही कामाच्या ठिकाणी तेवढ्याच अंतराने दोनदा-तीनदा पंप लावावा लागतो. सकाळी निघण्यापूर्वी आणि संध्याकाळी दारात पाऊल टाकताच अंगावर पाजले तर पंपाची एक वेळ वाचते.

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. त्यांतले जास्तीत जास्त आठ बाळंतपणापूर्वी घेता येतात. ते आठही आधी संपवले तर बाळ जेमतेम १८ आठवड्यांचे असताना कामावर जावे लागते, म्हणजे सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याचा जो सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते, त्याच्या दोन महिने आधी. प्रकृती ठीक असेल तर रजेचा मोठा भाग बाळंतपणानंतरसाठी राखणे म्हणूनच हिताचे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला विश्रांतीखेरीज दोन विशेष सुट्ट्या मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या. त्या दोन सुट्ट्या दूध काढण्यासाठी मागण्यात संकोच वाटू नये. दुसरीकडे, घरकाम करणाऱ्या, दुकानात रोजावर असणाऱ्या, कारखान्यात कंत्राटावर असणाऱ्या बाईपर्यंत यातले फारसे काही पोहोचत नाही. तिला हाताने दूध काढता येणे आणि एक स्वच्छ, कडी लागणारी खोली मिळणे एवढेच हवे असते, आणि तेही मिळत नाही ही मोठी उणीव आहे. रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या हिरकणीच्या नावाने एसटी स्थानकांत आणि काही कार्यालयांत हिरकणी कक्ष झाले. ते प्रत्येक बाजारपेठेत आणि औद्योगिक वसाहतीत हवेत. स्वच्छतागृहात बसून बाळाचे अन्न काढायची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये.

कामावर जाण्याची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी. सकाळी दूध सर्वांत जास्त असते, म्हणून सकाळच्या पाजण्यानंतर एकदा पंप लावावा आणि रोज थोडे दूध गोठवावे. पहिल्या दिवसापुरते आणि एका जास्तीच्या दिवसाचे दूध जमले की पुरे. फ्रीज भरून साठा करण्याच्या मागे लागू नये. पहिल्या दिवशी काढलेले दूध दुसऱ्या दिवशी बाळाला मिळते, असे ते चक्र चालते. पिशवीत पंप, दोन बाटल्या, बर्फाच्या दोन पुड्या ठेवलेली उष्णतारोधक पेटी, स्वच्छ फडके आणि दांडीचा छोटा पंप असावा. पावसाळ्यात रुळांवर पाणी आले की दोन तासांचा प्रवास पाच तासांचा होतो. त्या वेळी छाती दाटून ताप भरण्याआधी थोडे दूध हाताने काढता आले पाहिजे.

काढलेले दूध किती टिकते हे तापमानावर अवलंबून असते. खोलीत २५ अंशांपर्यंत ते चार तास चालते. ठाणे-डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या पुढे जातो, तेव्हा दूध तास-दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हवे. गोठलेल्या बर्फपुड्यांसह पेटीत ते २४ तास राहते. फ्रीजमध्ये चार दिवस, पण दारात नव्हे, आतल्या बाजूला, मागे. एकदारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे धरावेत. वेगळे दार असलेल्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत ते उत्तम राहते. पिशवीवर तारीख लिहावी, ६० ते १०० मिलिलिटरचे छोटे भाग करावेत आणि वर थोडी जागा सोडावी, कारण गोठताना दूध फुगते. आधीच्या थंड दुधात ताजे कोमट दूध थेट ओतू नये. ते आधी फ्रीजमध्ये थंड करावे, मग एकत्र करावे. फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधावर साय वेगळी तरंगते, काही वेळा साबणासारखा वासही येतो. दोन्ही गोष्टी दूध बिघडल्याची खूण नाहीत.

गोठवलेले दूध रात्रीच फ्रीजच्या खालच्या भागात काढून ठेवले तर सकाळपर्यंत सुटते. सुटल्यावर ते २४ तासांत संपवावे आणि पुन्हा गोठवू नये. पाजण्यापूर्वी गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करावे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. त्यात काही भाग पोळण्याइतका गरम होतो आणि दुधातले रोगप्रतिकारक घटक नष्ट होतात. कोमट केलेले दूध दोन तासांत वापरावे, बाळाने उष्टे केलेलेही तेवढ्याच वेळात संपवावे किंवा टाकून द्यावे. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडले वापरणे हाच बाळाच्या दृष्टीने उत्तम मार्ग. आजीला बोंडल्याने पाजायची सवय असते, आणि ते उकळून निर्जंतुक करणे बाटलीपेक्षा कितीतरी सोपे असते. बाटलीतून दूध न ओढताच पडत राहते, त्याची चटक लागली की काही बाळे अंगावर तोंड लावायला नाकारतात. बाटली द्यावीच लागली तर बाळाला उभे धरून, बाटली आडवी ठेवून, मधे मधे थांबत पाजावे.

स्वच्छतेत कसूर चालत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर नावाच्या जिवाणूचा मेंदूज्वर झाला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. तोच जिवाणू घरच्या पंपाच्या भागांवर आणि स्वयंपाकघरातल्या बेसिनच्या नळीत सापडला. पंपाचे भाग नुसते भिजवून, न घासता ठेवले जात होते. त्यानंतर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पंप धुण्याविषयी सविस्तर सूचना काढल्या. त्यांचे सार असे की दुधाला लागणारा प्रत्येक भाग वापरल्याबरोबर सुटा करून, त्यासाठीच राखलेल्या भांड्यात गरम पाणी आणि साबण घेऊन, त्यासाठीच राखलेल्या ब्रशने घासावा. थेट बेसिनमध्ये टाकू नये. धुतल्यावर फडक्याने पुसू नये, स्वच्छ कापडावर पालथे घालून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. पावसाळ्यात हे वाळणे फार हळू होते, म्हणून भागांचे दोन संच असलेले बरे. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर रोज एकदा भाग पाच मिनिटे उकळावेत. मोटरकडे जाणारी नळी धुवायची नसते. तिच्यात बुरशी दिसली तर ती फेकावी.

छाती दाटली, गाठ लागली, त्या जागी लाली आली तर जुनी पद्धत म्हणजे जोरात चोळणे आणि पंप लावून सगळे दूध काढणे. वैद्यकीय सल्ला आता बदलला आहे. चोळल्याने सूज वाढते आणि जास्त काढल्याने दूध आणखी वाढते. बाळाला नेहमीप्रमाणे पाजावे, दाटलेपणा सुसह्य होईल एवढेच काढावे आणि मधल्या वेळात थंड फडके ठेवावे. ताप चोवीस तासांत उतरला नाही, थंडी वाजू लागली किंवा गाठ वाढत गेली तर डॉक्टरांकडे जावे. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही पालिकांची रुग्णालये याच भागात आहेत. स्तनाग्राला चीर पडली तर ओढ कमी करावी आणि कपाचे माप पुन्हा तपासावे. चीर भरेपर्यंत त्या बाजूचे दूध हाताने काढावे.

पंप बंद करतानाही एकदम थांबवू नये. बाळ वर्षाचे होत आले, वरचे जेवण जेवू लागले की कार्यालयातली पंपाची एक वेळ आधी पंधरा मिनिटांवरून दहावर, मग पाचवर आणावी आणि चार-पाच दिवसांनी गाळावी. छाती आठवडाभर मोकळी राहिली की दुसरी वेळ गाळायला घ्यावी. दिवसाचा पंप पूर्ण थांबला तरी सकाळ-संध्याकाळ आणि रात्री अंगावर पाजणे दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवता येते, शरीर त्या वेळांपुरते दूध तयार करत राहते.